पाच घरचं पांघरूण

आमच्या साताऱ्याच्या महिला मंडळात दर महिन्याला एकीनं आपल्या प्रवासाची हकिकत सांगायची, असा रिवाज आहे. कुणी काशी सांगितली, कुणी रामेश्वर. एकीनं तर काश्मीरच्या सफरचंदांचं असं वर्णन केलं की आम्हाला समोरच्या बशीतली केळी खाववेनात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी ठाणे-कल्याणला गेले होते." "कशाला?" "चिंध्या गोळा करायला." सगळ्या इतक्या हसल्या की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. ते आता लिहून काढते.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. शाळेत झबली, रुमाल आणि बटणाची काजी, आणि घरी गोधड्या. आमच्या आळीत गोधड्या शिवणाऱ्या बाया दारावर येतात, त्यांचं पोट त्यावर चालतं. मी मात्र निव्वळ हौसेनं शिवते, आणि ही हौस लोकांना जरा चमत्कारिक वाटते. आमचे हे तर पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरात धोतराला जरा विरळ जागा दिसली, की त्याचे दिवस भरले म्हणून समजा." पण जुन्या लुगड्याचे थर एकावर एक अंथरावेत, कडेनं टाका धरावा आणि चौकोन फिरत फिरत मधोमध येऊन थांबावं, यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही. रंगांच्या बाबतीत मी फार नखरेल आहे. लाल कुठे बसायचा आणि निळा कुठे, याची माझी एक वहीच आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात ठाण्याहून धाकट्या भावाचं पत्र आलं. वसंता तिथल्या कचेरीत कारकून. "अक्का, कुसुमला सातवा लागलाय. पण ती कुणाशी धड बोलत नाही. येऊन राहा थोडे दिवस."

कुसुमची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, दुसरी मुलगी दीड महिन्याची होऊन. दोन्ही बाळंतपणं माहेरी झालेली. आता आईही उरली नव्हती, म्हणून ती ठाण्यातच राहणार होती. मी शाळेतून रजा काढली, रंगांची वही पेटीत टाकली आणि निघाले. बाळासाठी अशी गोधडी शिवायची की कुसुम बघत राहील, एवढंच डोक्यात होतं.

टेंभी नाका

वसंताचं बिऱ्हाड टेंभी नाक्याजवळच्या चाळीत, दोन खोल्यांचं. पुढे गॅलरी. साताऱ्याच्या थंडीतून आलेल्या माणसाला ठाण्याचा मार्गशीर्ष म्हणजे थट्टाच वाटते. मी शाल पांघरून उतरले आणि घामाघूम होऊन जिना चढले.

कुसुमनं वाकून नमस्कार केला, चहा दिला, भात-आमटी वाढली. काही कमी केलं नाही. फक्त ती घरात असून नसल्यासारखी होती. सातव्या महिन्यातल्या बाईच्या घरात कुठेतरी एखादं टोपडं असतं, लोकरीचा गुंडा असतो. इथे काही म्हणता काही नव्हतं.

"आपण उद्या बाजारात जाऊ," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, वन्सं."

गेले एकटी. कापडाचं रेशन नुकतंच उठलं होतं. इतकी वर्षं जाडाभरडा कंट्रोलचा कपडा बघून डोळे शिणलेले, आणि इथे दुकानात थानावर थान. बाजारातल्या एका कच्छी शेठनं पांढऱ्या गादीवर माझ्यापुढे एकेक थान उलगडलं. वायल झालं, मांजरपाट झालं. मग एक छीट आली, दुधी रंगावर बारीक निळी फुलं. मी वही काढायचीही तसदी घेतली नाही.

"पोलकं करायचं का, बेन?"

"गोधडी."

शेठचा हात थानावरच थांबला. "गोधडीला नवा कपडा? चाळीस वरस दुकानात बसतो, असा गिऱ्हाइक पयला वेळ बघतो." त्यानं चार वार मोजून दिलं आणि वर अर्धी वीत जास्त सोडली. बहुधा दया आली असावी.

मी उड्या मारतच घरी आले म्हणा ना. कुसुमच्या पुढ्यात छीट पसरली. म्हटलं, "बघ तरी."

तिनं बघितलं, आणि हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा.

"कशाला आणलंत हे? नवं कशाला आणलंत?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "दोन्ही वेळा मी सातव्यातच सगळं शिवून ठेवलं होतं. सगळं नवं, कोरं करकरीत. अर्ध्या कपड्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि..." आतल्या खोलीत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मी छीट गुंडाळून पेटीच्या तळाला घातली. मला माझी इतकी लाज वाटली की संध्याकाळी जेवायलाही नको झालं. नवजात बाळाला नवं घालत नाहीत, दुसऱ्या घरचं जुनं, वापरलेलं घालतात, हे मला का ठाऊक नव्हतं? माझ्या दोन्ही मुलांना शेजारच्या घरचीच झबली घातली होती. पण ठाण्याची ती दुकानं बघितली आणि माझी मती गुंग झाली, खरं ते हेच.

दुसऱ्या दिवशी कुसुम आपण होऊन जवळ येऊन बसली. "रागावलात?"

"स्वतःवर."

मग ती हळूहळू बोलली. तिची आई सांगायची, ज्या घरची मुलं जगलीत अशा पाच घरी जावं. जुनेर मागावं. त्या पाच तुकड्यांचं पांघरूण करावं, म्हणजे ते मूल पाच घरचं होतं, त्याच्यावर एकट्या आईबापांचा हक्क राहत नाही. "मागायला घरातल्या मोठ्या बाईनं जायचं असतं. आई असती तर गेली असती."

वसंता हसला. "अगं, विसावं शतक अर्धं उलटलं. डॉक्टरीणबाई आहेत, इस्पितळात नाव घातलंय."

मी त्याला गप्प केलं. असल्या गोष्टी मीही मानत नाही. पण कुसुम मानत होती, आणि पांघरूण तिच्या बाळाचं होतं. मी पेटीवर गुंडाळलेलं माझं जुनं लुगडं सोडलं. माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत, धाकटा तर नको इतका. "हे झालं एक घर," मी म्हटलं. कुसुमनं लुगड्याची घडी उचलून स्वतःच्या उशाशी ठेवली.

कळवा

चाळीत रोज सकाळी मीठ विकायला बायजाबाई यायची. खाडीपलीकडच्या कळव्याची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला वाटावं आपल्याच कानात बोलते आहे.

"आठ पोरा माझी," ती म्हणाली. "आठी जित्ती हान."

मी तिथेच जिन्यात जुनेर मागितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असा वाटंवर नाय द्याचा, बाय. लेकराचा कपरा घरानशी द्याचा आसतो. घरा ये माझे."

म्हणून खाडीवरचा पूल चालत ओलांडून मी कळव्याला गेले. आमच्याकडे डोंगर उठून अंगावर येतात, इथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मिठागराचे वाफे नुकते तयार होत होते. माणसं अनवाणी, एका ओळीत, पायांनी चिखल चोपत होती. मी ऐटीत बांधावरून निघाले, आणि दहाव्या पावलाला माझी एक चप्पल चिखलानं गिळली. ती काढायला वाकले, तर दुसरी गेली. बायजाबाई समोरून बघत होती. ती आधी पोटभर हसली आणि मग मला ओढायला आली.

तिच्या ओटीवर पाय धुतले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे आली. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिला माझी खरोखर कीव आली. "मंग जगतंस कशावर गो?" शेवटी लसणाची चटणी मिळाली. ती भाकरी मला अजून आठवते. पांढरीशुभ्र, मऊ, आणि वर बोटांचे ठसे.

मग तिनं मुलांच्या जुन्या कपड्यांचं बोचकं सोडलं. आणि माझी खोड बघा. मी त्यात हात घातला, एक निळा तुकडा उजेडात धरला आणि म्हटलं, "हा चांगला जाईल. तो लाल फार भडक आहे."

बायजाबाईनं निळा तुकडा माझ्या हातातून काढून घेतला. "रंग बगाला आलीस का पोर मागाला?"

शाळेत मी ओरडले की मुली बसतात, तशी मी खाली मान घालून बसले. तिनं तोच भडक लाल तुकडा काढला. नवऱ्याच्या पटक्यातून शिवलेलं झबलं होतं ते, आठांपैकी पाच मुलांच्या अंगावरून उतरलेलं. त्याच्या कोपऱ्यात तिनं मिठाचा खडा बांधला आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. "जा आता. आनि बारशाला मना बोलाव, सांग तिला."

घरी येऊन मी हा निरोप सांगितला. 'बारसं' हा शब्द त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. कुसुमनं मिठाचा खडा सोडून देवापाशी ठेवला आणि विचारलं, "चप्पल सापडली का?" मी एकच सापडली म्हटल्यावर तिला हसू आलं. पदरानं तोंड झाकून हसली, पण हसली.

डोंबिवली

डोंबिवलीत माझी वर्गमैत्रीण मालती राहते. नवरा मुंबईत बँकेत. स्टेशनातून बाहेर पडलं की भातखाचरं, मधूनमधून नवी टुमदार घरं, घराघराला विहीर आणि माणशी शंभर डास. मालतीची पाच मुलं ओळीनं उभी राहून मला पाढे म्हणून दाखवायला लागली. चहापोहे झाल्यावर मी आल्या कामाचं बोलले.

"जुनं फडकं?" मालतीचा चेहरा उतरला. "अगं, आमच्याकडे काय कमी आहे म्हणून जुनं देऊ?" आणि तिनं कपाटातून कोरा करकरीत टॉवेल आणला.

मी समजावून सांगितलं, तशी तिनं टॉवेल ठेवून बाळाचं नवं दुपटं आणलं. पुन्हा समजावलं. ती अगदी रडकुंडीला आली. साताऱ्याची मैत्रीण दारात आली आणि चिंधी घेऊन गेली, असं शेजारीपाजारी म्हणतील हीच तिला धास्ती. शेवटी आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "मालते, मधल्याची कुंची दे तिला. ती विटकी. तिला तेच हवंय."

कुंची एकेकाळी जांभळी असावी, आता तिला रंग म्हणावा असं काही उरलं नव्हतं. मी निघताना मालतीनं ती तीनदा घडी घालून वर्तमानपत्रात, मग पिशवीत आणि मग आणखी एका पिशवीत घातली, रस्त्यात कुणाला दिसायला नको म्हणून.

कल्याण कॅम्प

वसंताच्या कचेरीत कुणीतरी म्हणालं होतं की कल्याणच्या पुढे निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी बायका गोधडीसारखंच काहीतरी शिवतात. एवढं ऐकल्यावर माझ्यानं राहवतंय थोडंच.

कल्याणहून टांगा केला. लढाईच्या काळातल्या लांबच लांब बराकी, मध्ये चादरी टांगून केलेल्या खोल्या, आणि प्रत्येक दारापुढे काहीतरी विकायला मांडलेलं. पापड, लोणची, बटणं, कटपीस. घरदार सोडून आलेली ही माणसं, पण हात बांधून बसलेलं मला कुणी दिसलं नाही.

एका दारात पन्नाशीची बाई शिवत बसली होती. सगळे तिला अम्मा म्हणत. मांडीवर जे होतं ते बघून मी न विचारताच तिच्या शेजारी बसले. ते लोक त्याला रिल्ली म्हणतात. आमचे टाके कडेनं फिरत आत येतात, यांचे सरळ रेघेत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, आणि ठिगळांची नक्षी अशी जुळवलेली की माझ्या वहीनं मान खाली घालावी. तिनं माझी बोटं उलटी करून बघितली. सुईच्या टोचण्याच्या खुणा दिसल्यावर तिनं भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. आपण पाहुण्याला गूळ-पाणी देतो, हे पापड-पाणी देतात. उन्हातून आल्यावर तो खारट पापड काय लागतो म्हणून सांगू.

माझं हिंदी शाळेतल्या परीक्षेपुरतं, तिचं त्याहून थोडं बरं. पण सुईदोऱ्याचं बोलायला भाषा किती लागते? मी कुसुमचं सगळं सांगितलं. तिनं आत जाऊन एक जुनी रिल्ली आणली. सिंधमधून आणलेली तेवढीच. बोटीवर दोन नातवंडं हिच्यातच गुंडाळली होती, म्हणाली. मग एका कडेची उसवलेली शिवण बोटानं उघडून तिनं आतला थर दाखवला. दोन इवले कुडते होते.

"ये मेरे दो बच्चों के हैं. छोटे ही चले गए थे."

मी दचकले. गेलेल्या मुलांचे कपडे आपल्याकडे कुणी घरात ठेवत नाही, पांघरुणात घालणं तर दूरच. मी तसं म्हटलंही.

अम्मानं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. "क्यों? वो भी तो घर के हैं."

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं असं नाही. पण ते तिनं बाहेर टाकलं नव्हतं, पांघरायला घेतलं होतं. निघताना तिनं धाकट्या नातवाचा हिरवा कुडता कापून एक तुकडा दिला. नातू तिथेच उभा होता, भोकाड पसरून, कारण तो कुडता त्याला अजून होत होता.

पुन्हा टेंभी नाका

चार घरं झाली. भडक लाल, रंग उडालेली कुंची, पोपटी हिरवा आणि माझं तपकिरी लुगडं. एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. मी वही उघडली आणि मिटली.

गॅलरीत थर अंथरत मी कुसुमला कॅम्पातली हकिकत सांगितली. कुडत्यांचं सांगू की नको असं झालं होतं. सांगितलं. ती ऐकून उठून आत गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा माझी जीभ घसरली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वीतभर पिवळं कापड होतं. दुपट्याचा तुकडा. धुतलेला, मऊ, एका कडेला काजळाचा डाग.

"तिचं," कुसुम म्हणाली. "सगळं देऊन टाकलं सगळ्यांनी. हे मी लपवलं होतं." थोडं थांबून तिनं विचारलं, "आत घालता येईल? वरून दिसणार नाही असं."

"पण तुझे ते पाच घरांचे नियम?"

"पाचवं आपलंच घर. तीही आपल्याच घरची ना, वन्सं?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो तुकडा आम्ही दोघींनी मिळून मधोमध ठेवला, वरून लुगड्याचा थर ओढला. सुई मी ओवली, पण पहिला टाका कुसुमनं घातला. तिचे टाके लांबलचक आणि वाकडे. शाळेतल्या मुलीनं घातले असते तर मी उसवायला लावले असते. तिथे एकही उसवला नाही.

गोधडी आठ दिवसांत झाली, एक कोपरा सोडून. मूल हातात येण्याआधी काही पुरं करायचं नाही, हा कुसुमचा हट्ट. मी दोरा गाठ मारून तसाच सोडला, सुई तिच्या डबीत ठेवली आणि साताऱ्याला परतले.

पुढचे अडीच महिने मी शाळेत काय शिकवलं ते मुलींनाच विचारा. पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून दाराशी जायचे. फाल्गुनात वसंताची तार आली, मुलगी, दोघी खुशाल. मी साखर वाटली नाही. अकरा दिवस गेले, मी बोलले नाही. दीड महिना झाला, तरी नाही. मग एक दिवस कुसुमच्या अक्षरातलं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. "वन्सं, काल कोपरा शिवला."

त्या दिवशी मी सबंध आळीला पेढे वाटले. बारसं लांबवलेलं होतं ते नंतर झालं, आणि बायजाबाई मिठाची टोपली डोक्यावर घेऊनच आली होती म्हणे.

आता राहिली ती निळ्या फुलांची छीट. साताऱ्याला आल्यावर मी तिचे खिडकीचे पडदे केले, कारण टाकवेना. तीन वर्षं ते पडदे उन्हात तापले, भट्टीच्या साबणात उकळले, धाकट्यानं त्यांना शाईचे हात पुसले. परवा कुसुमचं पत्र आलं. "तिची उंची वाढली. गोधडी आखूड पडते, पाय बाहेर येतात. सोडायला मात्र तयार नाही. काय करावं?"

मी खुर्चीवर चढून पडदे उतरवले. हातात धरून बघितले. फुलं फिकी झालीत, कापड कसं लोण्यासारखं मऊ झालंय. आता ते नवं राहिलेलं नाही. उद्यापासून नाताळची सुट्टी लागते आहे, मी पाय झाकायला ठाण्याला निघाले आहे.